भरल्या कपाळाचा फोटो

गणपती पाण्यात गेले की माझं डोकं फिरतं. घरात कुणी विचारलं तर मी हवेवर ढकलते. हवाही साथ देते म्हणा. पाऊस धड पडत नाही, धड जात नाही, मध्येच उन्हाचा चटका बसतो आणि पाठोपाठ आभाळ भरून येतं. आमच्या तिसगावच्या अंगाला या दिवसांत बाजरीची कणसं भरत आलेली असतात, पाखरं हाकायला माणसं बांधावर उभी राहून ओरडत असतात, माळाला तरवड पिवळाधमक झालेला असतो. सगळं कसं छान. अशा छान दिवसांत आपण मेलेली माणसं जेवायला बोलावतो. पितृपंधरवडा लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाकट्या भावाचा, बाळूचा फोन येतो. "ताई, नवमीला ये." मी "येते" म्हणते. तीसेक वर्षं मी येते म्हणते आणि जाते.

नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिचं पान या दिवशी वाढायचं. एक सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची, भिंतीवरच्या फोटोला हार घालायचा. नवरा हयात आहे तोवर हे चालू ठेवतात. आमचे अण्णा हयात आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, तेव्हा आमच्याकडे ते चालू आहे. "भरल्या कपाळानं गेली, नशिबाची हुती," असं या दिवशी त्या बाईबद्दल बोलायची पद्धत असते. माझी आई काविळीनं बेचाळिसाव्या वर्षी गेली. शेवटचे आठ दिवस तिला पाणीसुद्धा ठरत नव्हतं. नशिबाची.

घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. काळा-पांढरा, फक्त कपाळावरचं कुंकू तेवढं लाल, बंद्या रुपयाएवढं. डोक्यावरून पदर, नजर सरळ, ओठ मिटलेले आणि त्या मिटलेल्या ओठांवर बेताचं हसू. येणारा-जाणारा म्हणतो, "किती प्रसन्न चेहरा!" तो फोटो मी एकोणिसाव्या वर्षी केला. माझी आई कॅमेऱ्यासमोर अशी कधीही हसलेली नव्हती. कॅमेऱ्यासमोरच कशाला, माझ्या नवव्या वर्षानंतर मी तिचं उघडं तोंड फार थोड्या वेळा पाहिलं. आणि त्याचं कारण त्याच घरात, त्याच फोटोखाली पाट मांडून दरवर्षी जेवतं.

लग्नसराई सगळ्या जगाला ठाऊक असते. पितरांची सराई फक्त फोटोवाल्यांना ठाऊक. नव्वद सालानंतरची ती वर्षं. तिसगावच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ होता. पुढं दुकान, मागं राहतं घर. मामा फोटो काढायचे आणि मामी मागच्या उंबऱ्यात उजेडाला बसून ते दुरुस्त करायच्या. मामा-मामी आमच्या नात्यातले कुणी नव्हेत, सगळं गावच त्यांना तसं म्हणायचं. रंगीत रोल तेव्हा धुवायला नगरला जात, काळे-पांढरे मात्र मामा घरीच धुवायचे. त्यासाठी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड ठोकून अंधारखोली केलेली होती. तिथल्या रसायनाचा आंबूस वास दुकानात, घरात, मामींच्या पदरालासुद्धा यायचा. पंधरवड्याआधी दोन आठवडे त्या उंबऱ्यात माणसांची रीघ लागे. कुणी एस.टी.च्या पासावरचा फोटो आणी, कुणी वरातीच्या गर्दीतला, ज्यात म्हातारा तुरीच्या दाण्याएवढा दिसतोय. "एवढा मोटा करा," म्हणून हातानं माप दाखवीत. काहींकडे तेवढाही नसे. मग म्हातारा गेल्यावर त्याला खुर्चीत टेकवून काढलेला फोटो घेऊन येत आणि हळू आवाजात म्हणत, "डोळे तेवढे उघडा, मामी." मामी डोळे उघडून देत. बारीक ब्रशानं, दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका ठेवून. मेलेला माणूस टकामका बघायला लागे.

कोटाची गंमत सांगायलाच हवी. मामींकडे कोट एकच होता, कुठल्याशा लग्नातल्या नवरदेवाच्या फोटोतला. त्याच्या प्रती काढून त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. "म्हाताऱ्याला कोट घालायचा का?" असं विचारत आणि बहुतेक जण हो म्हणत. मग म्हाताऱ्याचं डोकं कापून त्या कोटावर बसे. जन्मभर बंडीखेरीज अंगाला काही न लावलेले आमच्या भागातले कितीतरी म्हातारे आजही त्या एका कोटात भिंतींवर बसलेले आहेत. मी लग्नकार्याला कुणाच्या घरी जाते आणि भिंतीवर तो कोट ओळखते.

मामींचं घर बौद्ध. दुकानात बुद्धाची तसबीर होती. "आमी पितर घालत न्हाई," मामी मिश्री लावता लावता म्हणायच्या, "पन साऱ्या गावाचे पितर आमच्याच दारातून जात्यात बघ." मी तिथं शिकायला जाणार असं ठरलं तेव्हा अण्णांनी मला एकच बजावलं होतं, "कामाशी काम ठिव. च्या-पानी घ्यायचं न्हाई." पहिल्याच दिवशी मामींनी चहा दिला आणि मी प्यायले. घरी येऊन काही बोलले नाही. अण्णांना त्यांच्या हातचा फोटो चालत होता, चहा चालत नव्हता, आणि मला त्यात काही वावगं आहे असं तेव्हा नीटसं कळतही नव्हतं. मी फक्त मार चुकवत होते.

मी तिथं कशी पोचले, तर बारावीला इंग्रजीत नापास होऊन. आई गेली त्या आषाढाला वर्ष होत आलं होतं. अण्णांना वर्षश्राद्धानंतरच्या पहिल्या नवमीला भिंतीवर फोटो हवा होता. माणसं येणार, पंगत बसणार, आणि भिंत मोकळी? ते नगरला जाऊन चौकशी करून आले आणि तिथला आकडा ऐकून तसेच परत आले. मग मामींकडे गेले. मामी म्हणाल्या, "कागदाचे तेवढे द्या. लेकीला पाठवा माज्याकडं. घरीच बसून हाय न्हवं? शिकंल. आपल्या आईचा आपुनच करंल." अण्णांना हे फारच पटलं. नापास पोरीचा काहीतरी उपयोग निघाला. त्या दोन-तीन महिन्यांत ते माझ्याशी शब्दही बोलत नव्हते. तसा त्यांच्या तोंडून कुणासाठीच बरा शब्द निघत नसे, पण मी अजून वाट बघत असे.

शिकायचं म्हणजे काय, तर आधी फुकट गेलेल्या फोटोंवर हात बसवायचा. मामांच्या कचऱ्याच्या डब्यात बिघडलेले पासपोर्ट फोटो पडलेले असत. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी हललेला. मला नवा कागद मिळणार नव्हता, ब्रश विकत मिळणार नव्हता. मामींचा झिजलेला ब्रश मी ब्लेडनं छाटून तीन-चार केसांवर आणला. शाळेतली पेन्सिल सुईसारखी टोकदार करायची, तिची भुकटी कापसानं गालावर फिरवायची, म्हणजे सावली पडते. काळा डाग असेल तर ब्लेडच्या कोपऱ्यानं इतका हलका खरवडायचा की कागदाला कळू नये. काळ्या रंगाला पर्याय म्हणून मी एकदा घरचं काजळ वापरून पाहिलं. ते तुपकट, पसरलं, आणि एका अनोळखी मास्तरांना एका बाजूनं दाढी आली. मामी पोट धरधरून हसल्या. "मर, मास्तराचा बैरागी केलास," म्हणाल्या. त्या हसण्याचं मला नवल वाटलं होतं. आमच्या घरात बाईचं असं मोठ्यानं हसणं नव्हतं.

हे सगळं मला आवडायला लागलं होतं. ही गोष्ट मी लपवून ठेवणार नाही. बारावीच्या पुस्तकांनी मला नालायक ठरवलं होतं आणि इथं आठ दिवसांत मी एका बाईच्या गालावरचा देवीचा व्रण असा मिटवला की मामींनी फोटो उजेडाला धरून दोनदा बघितला. आपल्याला काहीतरी येतंय, याची केवढी तरी धुंदी असते. दुपारी ऊन उंबऱ्यातून जसजसं आत सरकायचं, तसतशा आम्ही दोघी अंथरलेल्या पोत्यासकट मागं सरकायचो. बाहेर बाजाराचा दिवस असला की मेंढरांचे आवाज, टेम्पोचे हॉर्न. आत आम्ही माणसांचे चेहरे नीट करत बसलेलो.

मग एक दिवस मामी म्हणाल्या, "आता आईला काढ."

आईचा एकच फोटो होता. चुलतबहिणीच्या लग्नातला, वऱ्हाडाच्या घोळक्यातला. मागच्या रांगेत शेवटी आई उभी. डोक्यावर पदर आणि त्याच पदराचं टोक उजव्या हातानं तोंडावर धरलेलं. नाकाखालचं काही दिसत नाही. त्या लग्नात फोटोवाला ओरडला होता, "ओ मावशी, पदर खाली घ्या." मला आठवतंय. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि आईनं पदर आणखी घट्ट धरला. शेवटी कुणीतरी बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, लई मर्यादेची हाय ती." आई मर्यादेची म्हणून भावकीत प्रसिद्ध होती. सासुरवाशिणींना तिचं उदाहरण देत. बोलताना पदर तोंडावर, हसताना पदर तोंडावर.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून अण्णांनी पितळेचा तांब्या फेकून मारला होता. तो आईच्या तोंडावर बसला. वरचे पुढचे दोन दात गेले. एक तिथंच चुलीपुढं पडला आणि एक हलत राहिला, तो तिनं दुसऱ्या दिवशी स्वतःच ओढून काढला. मी दारात उभी होते. आई न्हाणीत गेली, चुळा भरल्या, तोंडाला पदर लावून परत आली आणि उरलेल्या भाकरी थापल्या. अण्णांनी त्या खाल्ल्या. शेजारणी आल्या तेव्हा आई म्हणाली, "न्हानीत पाय घसरला." वरचा ओठ आत गेला, तिचं तोंड म्हातारीसारखं दिसायला लागलं, तेव्हा ती तिशीची होती. तेव्हापासून पदर तोंडावर आला तो कायमचा. लोकांना त्यात मर्यादा दिसली.

मामांनी त्या घोळक्यातून आई तेवढी मोठी करून दिली. माझ्या हातात पहिल्यांदाच आई एवढी मोठी, एकटी. अर्धा चेहरा आणि एक हात. मामींनी बराच वेळ बघून विचारलं, "तुजी आई पदर असा का धरायची गं?"

मी म्हणाले, "सवय हुती."

मामींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असावं. त्या गावात त्यांच्याइतके चेहरे कुणी जवळून पाहिले नव्हते. थोड्या वेळानं त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बाप्याच्या कपाळावर खोक असली तर ऱ्हाऊ द्या म्हनत्यात, मर्दानी दिसतीया म्हनून. बाईची खोक पुसाया सांगत्यात. धा-बारा वर्सं झाली, मी बायांच्याच खोका पुसतीया." मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत राहिले.

अण्णांना मी विचारलं होतं, पदर तसाच ठेवू का म्हणून. ते बैलाला पाणी दाखवत होते, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तोंड झाकलेली बाई भिताडावर बरी दिसत न्हाई. चांगला कर." काय करू, कसं करू, काही नाही. चांगला कर. आता मनात येतं, त्या क्षणी मी म्हणू शकले असते की पदराखाली काय आहे ते मला ठाऊक आहे, तेच काढू का? पण असं म्हणणारी मुलगी आमच्या घरात जन्माला आलेली नव्हती.

झाकलेलं तोंड आणायचं कुठून, याला मामींच्या धंद्यात ठरलेला उपाय होता. बहिणीचं तोंड चालतं. आईला बहीण नव्हती. "मग लेकीचं," मामी म्हणाल्या. मामांच्या कॅमेऱ्यात एका बारशाच्या रोलची शेवटची फ्रेम उरली होती, ती माझ्यावर खर्च करायची ठरली. फ्रेम एकच, दुसरी संधी नाही. मला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, आईच्या फोटोत उजेड डावीकडून होता म्हणून दिवा डावीकडं घेतला, मान तेवढीच वळवली. मामी समोर उभ्या राहून बघत होत्या. "वठ मिटून ठिव. आनि जरा हस. लई न्हाई. आई लेकराला बगून हसती तसं." मी हसले. खरं सांगायचं तर माझा फोटो निघतोय याचाच मला आनंद झाला होता, ते हसू त्याचं होतं.

मग ते काम. आईच्या फोटोवरून पदर धरलेला हात मी ब्लेडनं कापला. त्या हाताच्या बोटांवर तव्याचे चटके होते, मोठ्या केलेल्या फोटोत ते स्पष्ट दिसत होते. तो तुकडा खाली पोत्यावर पडला आणि संध्याकाळी झाडताना केरात गेला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, माझं सगळं लक्ष कडेवर होतं, कड वाकडी जाऊ नये म्हणून. माझे ओठ आणि हनुवटी कापून, मागून पॉलिश पेपरनं घासून कागद कांद्याच्या पातीसारखा पातळ केला, म्हणजे जोड दिसत नाही. पहिल्यांदा मी बांधावरच्या बाभळीचा डिंक वापरला, फुकटचा म्हणून. तो वाळल्यावर आईच्या गालाला सुरकुत्या पडल्या आणि ती एकदम सत्तरीची दिसली. तो कागद वाया गेला. मामी रागावल्या नाहीत, मामांना सांगून दुसरी प्रत काढून दिली आणि स्वतःची खळ दिली. दुसऱ्या वेळी जमलं. पेन्सिलीनं जोडावर सावली दिली, गळ्यात मंगळसूत्र काढलं, एकेक मणी. मग मामांनी त्या जोडलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढला, त्यात जोड पार नाहीसा झाला. रंगवायला पैसे नव्हते, लाल रंगाचा तेवढा तळ उरला होता बाटलीत. "कुक्कू मोटं काढ," मामी म्हणाल्या, "अयेव गेलीया." अयेव म्हणजे सवाष्ण, नवऱ्याआधी गेलेली. मी मोठं काढलं.

पुढं माझं लग्न झालं, मी नगरला आले आणि हेच काम करत राहिले. आधी ब्रशनं, मग कॉम्प्युटर आल्यावर माऊसनं. हजारो चेहरे केले असतील. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचे वळ, सुजलेल्या पापण्या. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचे रडून सुजलेले डोळे मी नीट करते आणि लोक मला त्याचे पैसे देतात. माझ्या हाताला यश आहे म्हणतात. मला कुठल्याही बाईच्या फोटोतलं काय पुसायचं ते बघताक्षणी कळतं, एवढं शिक्षण माझं पक्कं झालं.

पण माझी फसवणूक पुढंच होती. तो फोटो भिंतीवर लागल्यावर पाच-सात वर्षांत मला आईचं खरं तोंड आठवेनासं झालं. डोळे मिटले की फोटोच यायचा. आत गेलेला ओठ, बोलताना "स"च्या जागी निघणारी ती हवा, पदराआडून घास घेणं, हे सगळं घडलं होतं एवढं माहीत आहे, पण दिसत नाही. दिसतं ते माझं एकोणीस वर्षांचं हसू. आपल्या आईच्या चेहऱ्यावर मी स्वतःच जाऊन बसले आणि तिला उठवून लावलं. याची शिक्षा कुठल्या कायद्यात असेल तर मला ती हवी आहे.

त्या पहिल्या नवमीला घर माणसांनी भरलं होतं. हार घातलेला फोटो बघून बायकांनी पदर डोळ्यांना लावला. "जशीच्या तशी!" म्हणाल्या. आईला शेवटची नऊ वर्षं उघड्या तोंडानं न पाहिलेल्या बायका शपथेवर सांगत होत्या की जशीच्या तशी. अण्णा भिंतीसमोर उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता त्यांना काहीतरी आठवेल. त्यांचा चेहरा हलेल. ते पाहुण्यांकडं वळले आणि म्हणाले, "हसतीय बघा. सुखात हुती. म्या काय बी कमी पडू दिलं न्हाई." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुरावाच होता ना भिंतीवर. दरवर्षी नवमीला ते हे वाक्य म्हणतात. आता तर त्यांचा त्यावर विश्वास बसलाय. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच ती हसताना आठवते, आणि ती आठवण मी त्यांना करून दिली आहे, फक्त कागदाच्या खर्चात.

अण्णा आता बदलले, असं सगळे म्हणतात. खरंच बदलले. आवाज बसला, कान गेले, हात थरथरतात. बाळूची मुलगी जुई नववीत आहे, तिच्यावर त्यांचा फार जीव. तिची वेणी सुटली तरी हाक मारून सांगतात. मला कधी कधी त्या प्रेमाचा इतका राग येतो की मी उठून परसात जाते. हे त्यांच्याकडे होतं तर मग तेव्हा कुठं ठेवलं होतं?

यंदाही गेले. सवाष्ण जेवून गेली, ओटी भरून झाली, भावजय मागं भांडी आवरत होती. अण्णा पडवीत बसून ओल्या शेंगा सोलत होते, जुईसाठी दाणे वाटीत टाकत होते. जुई माझ्याजवळ येऊन बसली. हातात फोन.

"आत्या, तुला गंमत दाखवू? मी आजीचा फोटो टाकला यात. बघ हां."

फोनमध्ये आईनं डोळे मिचकावले. मान जराशी वळवली, जिवंत बाई वळवते तशी. मग ती हसली. ओठ उघडले आणि आत सगळेच्या सगळे दात होते, पांढरे, ओळीत.

"बंद कर ते," मी म्हणाले.

"का? किती भारी हसतीय."

"तिला पुढचे दोन दात नव्हते."

"पडले होते?"

न्हाणीत पाय घसरला. हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आईनं ते मला कितीदा ऐकवून ठेवलं होतं. पडवीत अण्णांनी एक शेंग फोडली.

"अण्णांनी तांब्या मारला," मी म्हणाले. "आमटीत मीठ कमी होतं म्हणून. मी दारात उभी होते."

जुईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पडवीकडं. अण्णा पाठमोरे होते, त्यांना ऐकू जाणार नव्हतं. भावजयीला मात्र गेलं. मागचा भांड्यांचा आवाज थांबला. "ताई, आजच्या दिवशी कशाला असलं?" ती आतूनच म्हणाली. तीस वर्षांत मला दुसरा दिवस सापडला नव्हता.

जुई भिंतीवरच्या फोटोकडं बघत होती. "मग यात तर तोंड नीट आहे."

"ते माझं आहे. कापून लावलेलं."

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं. पोरगी हुशार आहे. तिला लगेच दिसलं. इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं.

"पण आत्या, तुला तर सगळं माहीत होतं ना? मग तू तिला हसवलंस कशाला?"

मी सांगू शकले असते की मी एकोणीस वर्षांची होते. की मला भीती वाटत होती. की मामी म्हणाल्या, जरा हस. यातलं काहीच खोटं नव्हतं आणि यातलं काहीच कारण नव्हतं.

"अण्णांनी मला शाबास म्हणावं म्हणून," मी म्हणाले.

"म्हणाले?"

"म्हणाले."

पडवीतून अण्णांनी तिला हाक मारली, दाणे झालेत म्हणून, आणि ती उठली नाही. त्या पहिल्या नवमीला अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्यावर आईच्या नावाची खीर मला फार गोड लागली होती, आणि मी ती दोनदा मागून घेतली होती, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.